पेन्सिलीएवढ्या मेपलचा बुंधा कसा घडवावा?

आपण कळवलेली स्थिती थोडक्यात अशी आहे: बियांपासून वाढवलेले जपानी मेपलचे एक रोप आपण दोन वर्षांपूर्वी मध्य न्यू जर्सीत विकत घेतले, घेतल्याबरोबर ते उथळ बोन्साय कुंडीत लावले, दर महिन्याला शेंडे खुडून त्याचा आकार राखला, आणि तरीही त्याचा बुंधा पेन्सिलीएवढा, म्हणजे सुमारे 7 मिलिमीटरचाच राहिला आहे. पुण्यात असताना आपण वडाचे बोन्साय याच पद्धतीने केले होते आणि ते चांगले झाले होते. म्हणून इथे काय चुकले, खोड आता छाटावे का, आणि झाड जमिनीत लावावे का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

खोड आता छाटू नये. येत्या वसंतात झाड त्या कुंडीतून काढावे, मुळे नीट करून जमिनीत लावावे आणि पुढची दोन वर्षे शेंड्याला हात लावू नये. एवढे केले तरी बुंधा जाड होईल, याबद्दल मला शंका नाही. परंतु बावीस वर्षे याच राज्यात मेपल वाढवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की जाडी मिळवणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. बुंध्याला तळापासून शेंड्यापर्यंत निमुळतेपणा देणे आणि त्यासाठी केलेल्या छाटण्यांच्या जखमा व्रण न ठेवता भरून आणणे हे खरे काम आहे, आणि त्याची योजना जाडी येण्याआधीच करावी लागते. पुढील उत्तर त्यामुळे थोडे लांबले आहे.

बुंधा बारीक का राहिला, हे आधी पाहू. खोडाची जाडी सालीखालच्या वर्धी पेशींच्या पातळ थरातून वाढते. हा थर आतल्या बाजूला दरवर्षी नवे लाकूड घालतो, आणि ते किती घालायचे हे वर किती पाने आहेत यावर बरेचसे ठरते, कारण प्रत्येक पानाला पाणी पोहोचवण्यासाठी खाली तेवढ्या नलिका लागतात आणि त्या बांधण्यासाठी लागणारे अन्नही पानांतूनच खाली येते. खोड म्हणजे पानांना जोडलेल्या नळ्यांची मोळी आहे, अशी मांडणी जपानी वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये केली होती, आणि बुंधा घडवणाऱ्याने हे चित्र सतत डोळ्यांसमोर ठेवावे. आपल्याला 7 मिलिमीटरचा बुंधा 35 मिलिमीटरचा करायचा असेल, तर व्यास पाचपट होतो, पण लाकडाचे क्षेत्रफळ पंचवीसपट होते. दर महिन्याला शेंडे खुडून ठेवलेल्या वीस-पंचवीस पानांकडून हे काम होणे शक्य नाही. त्यात मेपलची पालवी वसंतात झपाट्याने फुटते आणि खोडाची जाडी मुख्यतः त्यानंतर, पाने पक्व झाल्यावर, उन्हाळाभर भरत जाते. मे महिन्यात खुडलेला शेंडा म्हणजे त्या वर्षीच्या जाडीतून केलेली वजाबाकी असते.

वडाच्या बाबतीत हेच नियम लागू असूनही आपल्याला यश आले, याची कारणे वेगळी आहेत. पुण्याच्या हवेत वड जवळजवळ वर्षभर वाढतो, खोडाला पारंब्या फुटून त्या खोडाशी एकजीव होतात, आणि छाटलेल्या जुन्या लाकडावरही कोठूनही नवे डोळे फुटतात. मेपलला यांतले काहीच जमत नाही. त्याला वर्षाला सहा-सात महिन्यांचाच वाढीचा काळ मिळतो, आणि नवे फुटवे बहुतेक वेळा जुन्या पेरांवरूनच येतात. खोडावर जिथे एकेकाळी पानांची जोडी होती तिथे एक बारीक कडे दिसते; त्या कड्याजवळ सुप्त डोळे असतात, दोन कड्यांच्या मधल्या गुळगुळीत भागात ते सहसा नसतात. म्हणून वडाच्या सवयीने मेपल मनात येईल तिथे कापला, तर कापलेला भाग खालच्या पेरापर्यंत वाळत जातो, आणि योजना आपली न राहता झाडाची होते.

(आपल्या पुण्यातील मित्रांनाही मेपल हवे आहे, असे आपण लिहिले आहे. त्यांना कृपया हे रोप पाठवू नये. मेपलला हिवाळ्यात अनेक आठवड्यांच्या सलग थंडीची विश्रांती लागते. ती मिळाली नाही तर झाड एक-दोन वर्षे तग धरते आणि मग क्षीण होत जाते. नांदरुक, उंबर किंवा चिंच यांच्यावर पुण्यात जे घडवता येते ते मला इथे कधीच साधणार नाही.)

आता कामाचा क्रम. सुरुवात मुळांपासून करावी, कारण बुंधा जाड झाल्यावर मुळे सुधारणे फार कष्टाचे होते. बोन्सायमध्ये बुंध्याच्या तळाशी चहूबाजूंनी पसरलेल्या मुळांना नेबारी म्हणतात, आणि मेपलचे सौंदर्य अर्धे तरी तिच्यावर उभे असते. मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, डोळे फुगलेले पण उघडलेले नसताना, झाड कुंडीतून काढून मुळांवरची माती पाण्याने धुवावी. सरळ खाली जाणारे मुख्य मूळ असेल तर ते कापावे. जी मुळे एकाच पातळीवर, एकाच उंचीवर बाहेर पडतात तेवढी ठेवावीत. त्यांच्या वर किंवा बरीच खाली असलेली काढावीत, आणि एखादे मूळ बाकीच्यांपेक्षा फारच जाड असेल तर ते अर्ध्यावर आखूड करावे, म्हणजे बारीक मुळांना वाढायला संधी मिळते. यानंतर सुमारे 30 सेंटिमीटरची एक सपाट फरशी जमिनीत बेताच्या खोलीवर ठेवून तिच्यावर चिमूटभर माती पसरावी, मुळे सूर्याच्या किरणांसारखी सर्व दिशांना मांडावीत आणि वर चार-पाच सेंटिमीटर माती घालावी. खाली फरशी असल्यामुळे मुळांना बाजूलाच पसरावे लागते, आणि त्यांच्यासोबत बुंध्याचा तळही पसरट होतो. जपानमध्ये हेच काम लाकडी फळीवर मुळे खिळ्यांनी बसवून अधिक नेमकेपणाने करतात. त्याला वेळ अधिक लागतो, पण परिणाम पाहिल्यावर तो वेळ कारणी लागल्याचे पटते.

मुळे धुतल्यावर ती एकाच बाजूला आहेत असे आढळले, तर निराश होण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात डाळिंबाची रोपे ज्या गुटी कलमाने करतात, तेच इथे उपयोगी पडते. अशा झाडाला त्या वसंतात फार न छेडता वाढू द्यावे आणि पुढच्या वर्षी मेच्या अखेरीस, पाने पक्व झाल्यावर, जिथे नवी मुळे हवी आहेत तिथे बुंध्याच्या व्यासाच्या दीडपट रुंदीची साल गोलाकार काढावी. खालचा ओलसर थर खरवडून पूर्ण स्वच्छ करावा, कारण तो थोडा जरी राहिला तरी साल पुन्हा जुळते आणि मुळे येत नाहीत. मग भिजवलेले स्फॅग्नम शेवाळ त्याभोवती बांधून वर प्लास्टिक गुंडाळावे. जपानी मेपल या बाबतीत उदार झाड आहे. दोन ते तीन महिन्यांत मुळे दिसू लागतात आणि ती चहूबाजूंनी सारखी येतात. मला मिळालेल्या सर्वांत चांगल्या तीन नेबारी गुटीतूनच आलेल्या आहेत.

मुळांनंतर वळण. पेन्सिलीएवढे खोड हाताने वाकते. अंगठ्याएवढे झाल्यावर ते वाकत नाही. म्हणून बुंध्याच्या पहिल्या आठ-दहा सेंटिमीटरला जे वळण द्यायचे ते याच वर्षी तारेने द्यावे, आणि ते आज वाटते त्यापेक्षा थोडे अधिक द्यावे, कारण जाडी भरताना वळणाच्या आतल्या बाजूला लाकूड साठून वळण सौम्य होत जाते. तार ॲल्युमिनियमची वापरावी आणि जूनपासून दर आठवड्याला पाहावी. जपानी मेपलच्या गुळगुळीत सालीवर तारेचा वळ उमटला तर तो अनेक वर्षे जात नाही. वळण टिकेल की नाही अशी शंका असली तरी साल दबू लागताच तार कापून काढावी आणि गरज पडल्यास पुन्हा नव्या जागी गुंडाळावी.

आता जाडीकडे वळू, आणि इथे मी थोडी अधिक थांबणार आहे. प्रचलित सल्ला असा असतो की झाड जमिनीत मोकळे वाढू द्यावे, बुंधा हवा तेवढा झाला की तो खालून कापावा आणि नव्या फुटव्यापासून वरचा भाग घडवावा. मीही आरंभी असेच केले. ट्रायडंट मेपलचे एक रोप मी सहा वर्षे मोकळे वाढवले, त्याचा बुंधा 8 सेंटिमीटरचा झाला, आणि मग फेब्रुवारीच्या अखेरीस मी तो एका कापात जमिनीपासून 12 सेंटिमीटरवर उतरवला. यात तीन चुका होत्या. हिवाळ्याच्या शेवटी मेपलच्या खोडात रसाचा दाब वाढलेला असतो, ज्याच्या जोरावर शुगर मेपलचा पाक काढला जातो, त्यामुळे माझ्या झाडाचा काप कित्येक दिवस गळत राहिला. दुसरे म्हणजे वरचा नवा शेंडा तळाच्या मानाने इतका बारीक होता की बुंधा कापलेल्या खुंटासारखा दिसे. आणि तिसरे, सर्वांत महागात पडलेले, म्हणजे 8 सेंटिमीटरची ती जखम कधीच भरली नाही; तिच्या मध्यभागी लाकूड कुजले आणि अकराव्या वर्षी मी ते झाड परसाच्या कडेला साधे झाड म्हणून लावून टाकले. ते आजही तिथे आहे आणि शरदात त्याचा रंग अप्रतिम येतो, पण त्याच्यावर घातलेली बोन्सायची वर्षे मला परत मिळाली नाहीत.

त्यानंतर मी जे करते ते असे. एखादी फांदी तिच्या जोडापासून खालचाच बुंधा जाड करते, वरचा नाही. म्हणून जमिनीलगतच्या एक-दोन फांद्या मुद्दाम ठेवून त्यांना मोकाट वाढू दिले, तर तळ जाड होतो आणि वरचा भाग बारीक राहतो, म्हणजे निमुळतेपणा आपोआप येतो. अशा फांद्या अखेरीस काढूनच टाकायच्या असतात. मी त्यांना राबत्या फांद्या म्हणते, कारण त्या बुंध्यासाठी राबतात आणि रचनेत त्यांना जागा नसते. त्या झाडाच्या मागच्या बाजूला येतील असे पाहावे, म्हणजे त्यांचे व्रण समोरून दिसत नाहीत. एकाच पेरावर दोनपेक्षा अधिक फांद्या ठेवू नयेत, कारण तिथे गाठ येऊन बुंधा खालच्यापेक्षा वर जाड होतो, आणि हा दोष पुढे सुधारणे जवळजवळ अशक्य असते. राबती फांदी तिच्या जोडाजवळ बुंध्याच्या एक तृतीयांश ते अर्ध्या जाडीची झाली की ती काढावी व दुसरीला संधी द्यावी. फांदीचा लोभ धरून ती बुंध्याएवढी होऊ दिली की पुन्हा मोठ्या जखमेचाच प्रश्न उभा राहतो.

मुख्य शेंड्याची छाटणीही याच तत्त्वाने, लहान लहान टप्प्यांत करावी. पूर्ण झालेल्या झाडाची उंची बुंध्याच्या तळच्या व्यासाच्या साधारण सहापट धरतात. म्हणजे 5 सेंटिमीटरच्या बुंध्यावर 30 सेंटिमीटरचे झाड. पहिला काप या उंचीच्या सुमारे एक तृतीयांशावर, म्हणजे 10 सेंटिमीटरच्या आसपास येतो, आणि त्यापुढचा प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा आखूड ठेवायचा असतो. पण 10 सेंटिमीटरवर खोड 2 ते 2.5 सेंटिमीटर जाडीचे असतानाच तो काप घ्यावा. तळाची उरलेली जाडी राबत्या फांद्या भरून काढतील, आणि तेवढी जखम माझ्या अनुभवात जमिनीत वाढणाऱ्या निरोगी झाडावर तीन ते चार वर्षांत पूर्ण मिटते. काप घेण्याआधी एक वर्ष, जिथे कापायचे आहे त्याच्या लगेच खाली एक फांदी नवा शेंडा म्हणून तयार ठेवावी. ती जवळ असली की तिच्यासाठी खाली जाणारे अन्न जखमेच्या कडेवरूनच जाते व कडा भराभर आत सरकते.

मोठी छाटणी मी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात करते. त्या वेळी पाने पक्व झालेली असतात, रस गळत नाही आणि जखम भरण्यासाठी पुढे संपूर्ण उन्हाळा मिळतो. त्या वर्षीची जाडी थोडी कमी भरते, पण तो सौदा मला मान्य आहे. पहिल्या वर्षी पेराच्या वर दोन सेंटिमीटरचा खुंट ठेवावा, कारण झाड आपली वाळण्याची मर्यादा स्वतः आखते. ती रेषा स्पष्ट दिसली की पुढच्या जूनमध्ये धारदार चाकूने खुंट तिरका, नव्या शेंड्याकडे चढत जाणारा असा कापावा, मधला भाग किंचित खोलगट करावा आणि कडेला जखमेचा लेप लावावा. खोलगट यासाठी की कडेने आत सरकणारी नवी साल फुगीर असते. सपाट कापावर तिची गाठ बनते, खोलगट कापावर ती बुंध्याशी समतल येते. हत्यार प्रत्येक झाडानंतर अल्कोहोलने पुसावे. जपानी मेपलला व्हर्टिसिलियम नावाच्या बुरशीचा मर रोग होतो, एखादी फांदी भर उन्हाळ्यात अचानक वाळते, आणि त्यावर औषध नाही.

जमिनीबद्दल दोन गोष्टी. आपल्या भागातली तांबडी, चिकट, शेलच्या खडकाची माती पाणी धरून ठेवते, म्हणून वाफा जमिनीपेक्षा 20 सेंटिमीटर उंच करावा आणि त्यात झाडांच्या सालीचा भुगा व प्युमिस (ज्वालामुखी खडकाचे हलके, सच्छिद्र खडे) भरपूर मिसळावा. आणि दर दुसऱ्या वसंतात झाड उपटून मुळे पुन्हा आखूड करावीत; हे चुकवले तर चार वर्षांनी दोन-तीन दोरखंडासारखी मुळे मिळतात आणि तंतुमुळे हाती लागत नाहीत. एवढी जागा नसेल तर तळ्यातल्या झाडांसाठी मिळणारी जाळीदार टोपली वापरावी. तिच्यात मुळे जाळीपाशी येऊन हवेत थांबतात आणि मागे फुटतात, त्यामुळे मुळांचे जाळे दाट राहते. जाडी मात्र जमिनीच्या मानाने निम्म्या वेगानेच येते, असे मी पाहिले आहे. खत मे ते ऑगस्ट भरपूर, नत्रयुक्त द्यावे. दोन पेरांमधले अंतर वाढेल, पाने मोठी होतील, झाड बोन्सायसारखे मुळीच दिसणार नाही. त्याची काळजी करू नये, कारण लांबलेला तो सगळा भाग पुढे कापलाच जाणार आहे. लहान पाने आणि जवळजवळची पेरे हा फांद्यांच्या बांधणीचा विषय असून तो बुंधा पूर्ण झाल्यावर सुरू होतो.

न्यू जर्सीत आणखी एक काळजी घ्यावी लागते, जिच्याबद्दल जपानी पद्धतीच्या मार्गदर्शनात काही मिळत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नर हरणे शिंगे घासण्यासाठी नेमकी दोन-तीन सेंटिमीटर जाडीची कोवळी झाडे निवडतात आणि एका रात्रीत सर्व बाजूंनी साल सोलून टाकतात. हिवाळ्यात बर्फाच्या वरून ससे आणि बर्फाखालून शेतउंदीर बुंध्याची साल कुरतडतात. म्हणून सप्टेंबरातच बुंध्याभोवती 6 मिलिमीटरच्या तारेच्या जाळीचे नळकांडे जमिनीत पाच सेंटिमीटर रोवून बसवावे आणि बाहेरून हरणांसाठी वेगळे उंच कुंपण घालावे. 2021 च्या जूनमध्ये सतरा वर्षांनी जमिनीतून निघणारे सिकाडा कीटक प्रिन्स्टन परिसरात आले, तेव्हा त्यांच्या माद्यांनी अंडी घालण्यासाठी पेन्सिलीएवढ्या फांद्या चिरल्या होत्या; बारीक जाळीखाली ठेवलेली माझी रोपे वाचली, न झाकलेल्या दोन रोपांचे शेंडे गेले. ती पिढी आता 2038 मध्ये येईल, आणि तोवर आपला बुंधा त्यांच्या कामाचा राहणार नाही.

अखेरीस एक पाहण्याची गोष्ट सुचवते. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात (नॅशनल आर्बोरेटम) बोन्सायचे संग्रहालय आहे. जपानने 1976 मध्ये भेट दिलेल्या 53 झाडांपासून ते सुरू झाले. तिथे पानगळीनंतर जावे, म्हणजे मेपल निष्पर्ण असतात, आणि फांद्यांकडे न पाहता जमिनीपासून पहिल्या फांदीपर्यंतचाच भाग निरखावा: मुळे कोठून फाकतात, पहिले वळण किती खाली आहे, जुने काप कोणत्या बाजूला दडवले आहेत. येताना दोन-तीन बुंध्यांचे रेखाटन करून आणावे आणि मार्चमध्ये मुळे धुण्यापूर्वी त्यांपैकी एक आपल्या रोपाशेजारी ठेवून पहिल्या वळणाची जागा खोडावर खडूने खुणावी. सध्या मात्र, पाने गळाली असतील तर, कुंडी तशीच वाफ्याच्या मातीत कडेपर्यंत पुरून ठेवावी. उथळ कुंडीतली मुळे इथल्या जानेवारीत उघड्यावर गोठतात, आणि वसंतात हाती घेण्यासाठी ती जिवंत लागतील.